डिस्कची आतली बाजू

मीटरवर किती किलोमीटर पडले यावरून मढमधल्या गाडीचे ब्रेक जोखू नका. आमची बोलेरो २००८ची. मालाडच्या बाजारात म्हावरं पोचवायचं, येताना बर्फ, दोर आणि घरचं वाणसामान आणायचं, एवढंच तिचं काम. रोज बोरिवलीहून शहरात जाणाऱ्या नोकरदाराच्या गाडीपेक्षा ती वर्षाकाठी कितीतरी कमी चालते. तरीही तिच्या पुढच्या दोन्ही डिस्क बाद झाल्या, आणि चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्या कुणालाही ते दिसत नव्हतं.

मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्या दोन महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून खरवडतात, फटी बुजवतात, रंग काढतात. गाडी मात्र अंगणात ताडपत्रीखाली उभी. वरून पाऊस, पश्चिमेकडून खारा वारा, आणि मागच्या फळीवर वर्षभर टोपल्यांतून गळलेलं मिठाचं पाणी. ब्रेकची डिस्क बिडाची असते. पॅड जिथे घासतो तिथे रंग देता येत नाही, म्हणजे तो भाग कायम उघडाच. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस थांबला तरी डिस्क सुकत नाही. शहरात उभ्या असलेल्या गाडीलाही गंज चढतो, पण पहिल्या चार ब्रेकांत तो पुसला जातो. आमच्याकडे तो आत उतरतो, खड्डे पाडतो, पापुद्रे सोडतो.

पावसाआधी एका गॅरेजात नवे पॅड टाकून घेतले होते. तिथल्या माणसाने चाकाच्या फटीतून पाहून सांगितलं, “डिस्क चकाचक आहे ताई, अजून दोन वर्षं बघायला नको.” बाहेरून ती चकाचक होतीच. बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, फेऱ्या सुरू झाल्या, तसं ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि पेडल पायाखाली धडधडायला लागलं. मग एका सकाळी अक्साच्या थांब्यावर बसमधून उतरलेली पोरं समुद्राकडे बघत रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि थांबायला हवी होती त्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही. वेग चाळीसच्या आसपास होता. चाळीसच्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ब्रेक अर्धा सेकंद उशिरा धरला तर साडेपाच मीटर गेले, बोलेरोच्या लांबीहून जास्त. शिवाय भारतात सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या बहुतेक जुन्या गाड्यांत ते नाही. एक चाक धरलं आणि दुसरं सुटलं तर सावरायचं चालवणाऱ्यानेच.

माझा भाचा गाड्यांच्या ब्रेकचंच काम करतो. त्याने चाक काढलं आणि म्हणाला, “मावशी, डोळ्यांनी बघू नकोस, हात मागे घाल.” बाहेरचा पृष्ठभाग बोटाला गुळगुळीत लागत होता. आतल्या बाजूला बोट फिरवलं तर खरखरीत खड्डे, सुटलेले पापुद्रे, आणि मध्ये फक्त एक अरुंद चकचकीत पट्टा. तेवढ्याच पट्ट्यावर पॅड टेकत होता. बाहेरचा पॅड जवळजवळ नवा, आतल्याचं अस्तर घासून लोखंडी पट्टीला भिडलेलं.

बहुतेक गाड्यांचा कॅलिपर पिनांवर सरकणारा असतो. त्याचा पिस्टन असतो आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या उलट धक्क्याने अख्खा कॅलिपर पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅडही ओढला जातो. पिना गंजून जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही. मग सगळा भार आतल्या पॅडवर येतो, आणि बाहेरचा नुसता शोभेला उरतो. म्हणजे जो बिघाड ब्रेक खातो तोच बाहेरची बाजू छान ठेवतो. म्हणून चाक काढल्याशिवाय “ब्रेक ठीक आहेत” असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कितीही जुना आणि ओळखीचा मेकॅनिक असो.

चाक काढायचं तर आमच्याकडची पहिली अडचण वाळू. भुसभुशीत जमिनीवर जॅक तिरपा होत खाली जातो. गाडी पक्क्या रस्त्यावर किंवा लादीवर घ्या, तशी जागा नसेल तर जॅकखाली जाड, रुंद फळी घाला. मागच्या चाकांना दोन्हीकडून गुटके लावा. नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करून ठेवा. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी (आधाराचा स्टँड) लावल्याशिवाय हात घालू नका. यात सवलत नाही, पाच मिनिटांच्या कामालाही नाही. पॅडची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ती फुप्फुसात जाते आणि जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून काढा.

आता मोजणं. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, कडेला किंवा मधल्या टोपीवर. गंजाखाली दबली असेल तर तारेच्या ब्रशने घासा. नाही सापडली तर गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहा, अंदाजाने ठरवू नका. गॅरेजात सगळे व्हर्नियर लावतात आणि तिथेच फसतात. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाही, त्यामुळे कडेला न झिजलेली गोट उरते. व्हर्नियरचे जबडे त्या गोटीवर टेकतात आणि जुनी जाडी दाखवतात. मायक्रोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर दोन सारखी नाणी घ्या, त्यांची जाडी आधी मोजा, गोटीच्या आत डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून व्हर्नियर लावा आणि आलेल्या मापातून नाणी वजा करा. कडेपासून साधारण सेंटीमीटरभर आत, डिस्क फिरवत सात-आठ ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी भरलं ते माप खरं धरा. जाडी जागोजागी वेगळी असेल तर पेडल धडधडण्याचं कारण तेच. मात्र हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, तो पकडायला मायक्रोमीटरच लागतो.

माप पुरेसं भरलं तरी डिस्क पास होत नाही. नखाला अडतील असे खड्डे, कडेपर्यंत गेलेला तडा, तापून निळे पडलेले डाग, यांपैकी काहीही दिसलं तर ती बदलायचीच. काही डिस्कमध्ये दोन चकत्या आणि मध्ये हवा खेळायला पात्या असतात. तिथे टॉर्च मारून पाहा. खाऱ्या हवेत त्या पात्या आतून कुजतात आणि मिठागंजाच्या ढेपळांनी वाट बुजते. मग डिस्क थंड होत नाही.

“लेथवर टर्न करून देतो, निम्म्या पैशात काम होईल,” असं तुम्हाला हमखास सांगतील. कोरड्या गावातल्या, हलक्या चऱ्या पडलेल्या, भरपूर जाडी उरलेल्या डिस्कला ते चालतं. खड्डे पडलेल्या डिस्कला माझ्या मते नाही. खड्ड्याच्या तळापर्यंत कापायचं तर किमान जाडी ओलांडली जाते, न कापावं तर खड्डा तसाच राहतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग स्वस्तात मिळतात. दरवाजा घ्या, आरसा घ्या, डिस्क घेऊ नका. ती कुणाच्या पायाखाली किती तापली हे कुठेच लिहिलेलं नसतं.

डिस्क नेहमी जोडीने बदला, डावी-उजवी एकदम, आणि पॅडही नवे. जुना पॅड जुन्या डिस्कच्या चऱ्यांप्रमाणे घडलेला असतो, नव्या सपाट डिस्कवर तो नीट बसत नाही. काम करणाऱ्यासमोर उभं राहून काही गोष्टी बघून घ्या. कॅलिपर ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने वर बांधायचा. पिस्टन मागे ढकलताना वरच्या बाटलीतलं ब्रेक ऑइल उतू जातं आणि रंग खातं. झाकण उघडून लक्ष ठेवा, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पिना बाहेर काढून साफ करायच्या, त्यांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं. साधं ग्रीस रबर फुगवतं आणि पिना पुन्हा जाम होतात. रबरी टोप्या फाटल्या असतील तर त्याही नव्या.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते हबकडे. डिस्क जिथे टेकते ती जागा तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासली पाहिजे. तिथे गंजाचा कागदाएवढा पापुद्रा राहिला तरी डिस्क तिरकी बसते, आणि तिथला तिरकेपणा कडेला जवळजवळ दुप्पट होऊन डुलतो. मग काही महिन्यांत नवी डिस्कही थरथरते आणि दोष डिस्कला दिला जातो. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबला बोल्टने जोडलेली असते आणि बेअरिंगसकट हब उतरवावा लागतो. तसं असेल तर बेअरिंगला नवं ग्रीस, नवं सील आणि पुन्हा नीट कसणं आलंच. ते काम घरी करू नका.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसून मगच पॅड बसवायचे. चाक लागलं की गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. मागे ढकललेला पिस्टन पुढे येईपर्यंत पहिला ब्रेक थेट तळाला जातो. हे विसरून गॅरेजातून उतारावर गाडी सोडणारे असतात.

मग डिस्क आणि पॅड एकमेकांना रुळवायचे. मी त्यासाठी पहाटेचा मार्वे रस्ता निवडला, बस आणि शूटिंगच्या गाड्या निघायच्या आत. पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम दाबाने उतरायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असं दहाएक वेळा. नंतर ब्रेकला फारसा पाय न लावता घरापर्यंत यायचं म्हणजे डिस्क निवते. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर तिथे डाग पडतो आणि थरथर परत येते. शंभर किलोमीटरच्या आत चाकांचे नट पुन्हा कसून घ्या.

पुढची काळजी मढपुरती नाही, भाटी, एरंगळ, गोराई, उत्तन, सगळ्या किनाऱ्याची आहे. वाळूवर किंवा लाटेत गाडी घालू नका. घातलीच, किंवा खारं पाणी लागलं, तर चाकांच्या आतून गोड्या पाण्याने धुवा, आणि धुऊन लगेच उभी करू नका. हलके ब्रेक लावत एक चक्कर मारा म्हणजे डिस्क सुकते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ड्रममध्ये लायनर चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना गुटके लावा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदला. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढते. आरटीओच्या त्या एका तपासणीवर पुढची पाच वर्षं निर्धास्त राहण्यासारखी आपली हवा नाही.

आता बंदीच्या दोन महिन्यांत आमची गाडी आठवड्यातून एकदा मार्व्यापर्यंत जाऊन येते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, होड्यांना रंग चढत असताना, भाचा चारही चाकं काढतो, पिना सरकवून बघतो, आणि पुढच्या दोन्ही डिस्कची मापं गाडीच्या कागदांच्या पिशवीतल्या वहीत तारखेसह लिहून ठेवतो.