घरातील मत्स्यपेटी आणि तिचा फिल्टर



कार्यालयाबाहेरची मत्स्यपेटी मध्यंतरी रिकामी का होती, असे अनेक पालकांनी आणि दोन-तीन विश्वस्तांनीही आम्हांस विचारले. उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे, कारण चूक आमचीच होती.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. मॉली, प्लॅटी आणि गप्पी मिळून बारा मासे. फिल्टर स्वस्तातला घेतला होता. महिन्याभरातच त्याची घरघर इतकी वाढली की टेलिफोनवर पालकांचे बोलणे ऐकू येईना. तेव्हा शाळा सुटताना तो बंद करावा आणि सकाळी सुरू करावा, अशी सूचना आम्हीच दिली. विजेचीही बचत होईल, असे मनात होते. एका शनिवारी दुपारी एक वाजता बंद झालेला फिल्टर सोमवारी सकाळी सात वाजता सुरू झाला. म्हणजे ४२ तास. सोमवारी सात मासे मेलेले होते आणि उरलेले पाच पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकीत होते. फिल्टरची डबी उघडली तर सडक्या अंड्यासारखा वास. सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, रविवारी माशांनाही सुट्टी असते का?" आम्हांला उत्तर देता आले नाही. उरलेले मासे विज्ञानाच्या बाईंनी आपल्या घरच्या पेटीत नेले. त्यांतले तीन वाचले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत छन्नी आणि मराठीत गाळणी म्हणतात ती वस्तू म्हणजे फिल्टर, एवढेच आम्ही समजून होतो. चहाची गाळणी काम झाले की धुऊन ठेवतो, तसेच हे. पण मत्स्यपेटीच्या फिल्टरचे मुख्य काम कचरा अडवणे हे नाहीच. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. शिवाय त्यांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया होतो, आणि तो त्यांना विषारी असतो. नदीत तो वाहून जातो, पेटीत कुठे जाणार? फिल्टरच्या स्पंजवर राहणारे काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच कमी घातक असते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे हे काम दोन वेगळ्या जातींचे जीवाणू पाळीपाळीने करतात, हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवले. २०१५ साली मात्र दोन्ही कामे एकटाच करणारा जीवाणूही सापडला. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी याविषयी अवश्य वाचावे.

या जीवाणूंना प्राणवायू लागतो, आणि तो वाहत्या पाण्यातूनच त्यांच्यापर्यंत पोहोचतो. फिल्टर बंद पडला की डबीतला प्राणवायू काही तासांत संपतो, त्यांचे काम थांबते आणि तिथे सडणे सुरू होते. सकाळी बटण दाबले की ते सडलेले पाणी माशांच्या अंगावर येते. उन्हाळ्यात हे आणखी लवकर घडते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. बोरिंगचे पाणी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला की तितक्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दसपट होतो.

म्हणून आवाज ही चैनीची गोष्ट नाही. जो फिल्टर रात्री झोपू देत नाही, तो घरात कोणीतरी बंद करतेच. आजोबा करतील, परीक्षेचा अभ्यास करणारी ताई करील, नाही तर आमच्यासारखे मुख्याध्यापक करतील. फिल्टर निवडताना पहिला प्रश्न हाच असावा, की हा चोवीस तास आपल्या कानांना सोसेल का?

बाजारात प्रकार पुष्कळ आहेत. सर्वांत साधा स्पंज फिल्टर. हवेचा छोटा पंप नळीतून बुडबुडे सोडतो, बुडबुडे वर जाताना पाणी ओढतात आणि ते पाणी स्पंजमधून येते. पाण्यात फिरणारा भागच नाही, म्हणून बिघडण्यासारखे काही नाही. आवाज असतो तो पंपाचा. त्यातला रबरी पडदा विजेच्या लयीवर सेकंदाला ५० वेळा थरथरतो आणि खालचे लाकडी टेबल ढोलासारखे घुमू लागते. पंप दोरीने खिळ्याला टांगून पाहा किंवा जाड फोमवर ठेवा, निम्मी कटकट जाते. बुडबुड्यांची गुडगुड कमी करायची तर नळीच्या टोकाला हवेचा दगड लावावा. आणि नळीत एकमार्गी झडप हवीच, नाही तर वीज गेली की पेटीतले पाणी उलटे पंपात येते.

दुसरा प्रकार पाण्यात बुडवून ठेवायचा. हा म्हणजे आपल्या कूलरचा पंपच समजा. आत चुंबकावर फिरणारा इवलासा पंखा असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. बुडलेला असल्याने आवाज पुष्कळसा पाण्यातच विरतो. पण कूलरच्या जाळीवर बोरिंगच्या पाण्याचा पांढरा क्षार बसतो तसाच तो या पंख्याच्या आसावरही बसतो, आणि मग खडखड सुरू होते. आमच्या फिल्टरचे हेच झाले होते. महिन्यातून एकदा पंखा काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवावा व धुऊन बसवावा. हे आम्हांला तेव्हा ठाऊक असते तर!

काचेच्या कडेला टांगायचा फिल्टर दिसतो छान. पण उन्हाळ्यात पेटीतले पाणी बोटभर आटले की धबधबा ऐकू येतो, आणि वीज जाऊन आली की काही फिल्टर पाणी ओढणे सोडून कोरडेच फिरत राहतात. वारंवार वीज जाणाऱ्या वस्तीत आम्ही तो घेणार नाही. पेटीखाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर सर्वांत शांत, मात्र महाग, आणि दोन फुटी पेटीला त्याची गरज नाही.

आकाराचा हिशेब पाचवीच्या मुलांनाही जमेल. ६० × ३० × ३० सेंटीमीटर म्हणजे ५४ लिटर. रेती-दगड वजा करता ४५ धरा. ताशी चार-पाच वेळा पाणी फिरावे, म्हणजे सुमारे २०० लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा स्पंजविना मोजलेला असतो, म्हणून ३०० लिहिलेला घ्यावा. विजेची काळजी करू नये. चार वॅटचा हवेचा पंप महिनाभर अहोरात्र चालला तरी २.८८ युनिट होतात. ७५ वॅटचा छताचा पंखा तेवढी वीज ३८ तासांत खातो. आमची ती बचत किती होती, हे मुलांनीच काढावे.

दुकानात पंपाचा आवाज कळत नाही, कारण तिथे वीस पंप एकदम गुणगुणत असतात. पंप सुरू करून तळहातावर धरावा. हाताला झिणझिण्या येत असतील तर दुसरा मागावा. बदलून मिळेल का, हे आधी विचारावे, आणि पहिल्या रात्री दिवे मालवल्यावर पुन्हा ऐकावे. रबरी पडदा किंवा इम्पेलर सुटा मिळतो का, हेही विचारावे. मिळत नसेल तर स्वस्त फिल्टर महागच पडतो.

स्पंज नळाखाली धुऊ नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने जीवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळला की पुरे.

शाळेच्या पेटीत आता जोड स्पंजाचा फिल्टर आहे, पंप खिळ्याला टांगलेला. वीज गेली तर बॅटरीचा छोटा पंप त्याच नळीला जोडता येतो. जीवाणूंची नवी वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून बाईंनी घरच्या पेटीतला एक जुना स्पंज आणून आत ठेवला, त्याने काम लवकर झाले. ते तीन मासे परत आले आहेत. आणखी मासे एकदम आणणार नाही. बटणावर कागद चिकटवला आहे, आणि त्यावरचे "बंद करू नये" हे अक्षर त्याच मुलीचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत रोज एकदा येऊन पेटी पाहून जाणारे विद्यार्थी हवे आहेत. जवळ राहणाऱ्यांनी पालकांची चिठ्ठी आणून विज्ञानाच्या बाईंकडे नाव द्यावे. रविवारची पाळी आम्ही स्वतःकडे घेतली आहे.