पावसाळ्यात खाडीतल्या तिसऱ्या जातात कुठे?

प्रश्न : आमच्या घरामागे खाडी आहे. मे महिन्यात तिचं पाणी समुद्रासारखं खारट असतं, श्रावणात तेच जवळजवळ गोडं लागतं. मासे पोहून दुसरीकडे जात असतील. पण चिखलात रुतून बसलेल्या तिसऱ्या, खडकाला चिकटलेली कालवं, तळातले किडे यांचं काय होतं? सगळे मरत असतील तर पावसाळा सरल्यावर पुन्हा येतात कुठून?

उत्तर : सगळे मरत नाहीत. काही मरतात, बरेच तग धरतात आणि रिकामी झालेली जागा नवी पिढी भरून काढते.

आधी गोड्या पाण्याचा त्रास का होतो ते पाहू. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात सहसा अर्धा ग्रॅमही नसतात. शिंपल्याच्या अंगातला द्रव बाहेरच्या पाण्याइतकाच खारट असतो. बाहेरचं पाणी एकाएकी गोडं झालं, की ते पेशींत शिरतं आणि भिजवलेल्या मनुकांसारख्या पेशी फुगतात. बदल सावकाश झाला, तर पेशी आपल्यातली अमिनो आम्लं कमी करून जुळवून घेतात. म्हणून पाणी किती गोडं झालं, याइतकंच ते किती झपाट्याने झालं हेही महत्त्वाचं असतं. चिंबोरीची तऱ्हा निराळी. ती कल्ल्यांवाटे पाण्यातले क्षार ओढून घेते आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण टिकवते. तारामाशाला यातलं फारसं काही जमत नाही, म्हणून तो खाडीत आतवर क्वचितच दिसतो.

आता तुमच्या प्रश्नातली एक गफलत. तुम्ही चाखलंत ते वरचं पाणी. गोडं पाणी हलकं असल्यामुळे वरून वाहतं आणि भरतीचं खारं पाणी त्याच्याखालून आत सरकतं. गोव्यातल्या मांडवी आणि झुआरीच्या मुखांजवळ भर पावसातही असे थर बनतात. झुआरीत नदीचं पाणी कमी येतं, त्यामुळे तिथे खारटपणा अधिक टिकतो. शिवाय चिखलाच्या कणांमध्ये अडकलेलं पाणी लवकर बदलत नाही. किडा थोडा खोल गेला, की त्याला जुनंच खारट पाणी मिळतं. कालवाला हलता येत नाही. ते शिंपा घट्ट मिटून कित्येक दिवस काढतं. मात्र मिटलेल्या शिंपेत खाणं बंद आणि प्राणवायूही जेमतेम, त्यामुळे पूर फार लांबला तर कालवं मरतात. गोड्या पाण्याचा त्यांना एक फायदाही होतो. कालवाच्या शिंपेला भोक पाडून आतलं मांस खाणाऱ्या समुद्री गोगलगायींना कमी खारं पाणी सोसत नाही.

खाडीत नदी आणि समुद्र दोन्हींचे प्राणी असतील, म्हणजे जातीही सर्वांत जास्त असतील, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आडोल्फ रेमाने यांनी 1934 मध्ये बाल्टिक समुद्राच्या अभ्यासातून दाखवलं, की एका किलोला 5 ते 8 ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात सर्वांत कमी जाती सापडतात. आपल्या खाड्यांत खारटपणा भरती-ओहोटीबरोबर आणि ऋतूंबरोबर सतत बदलतो, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही. पण जाती मोजक्या आणि त्यांतल्या प्रत्येकीची संख्या भरमसाट, हे चित्र इथेही दिसतं.

राहिला शेवटचा प्रश्न, नवे प्राणी येतात कुठून? कालवाची एक मादी लाखो अंडी सोडते. डिंभ, म्हणजे पोहणारी सूक्ष्म पिलं, दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात आणि योग्य जागा मिळाली की तळाशी बसतात. पाऊस ओसरून खारं पाणी आत आलं, की त्याबरोबर असे असंख्य डिंभ येतात. आधी भराभर वाढणारे छोटे किडे जागा पटकावतात, सावकाश वाढणारे शिंपले मागाहून जम बसवतात. ऑक्टोबरचा तळ मे महिन्यासारखा नसतो तो यामुळे. नुसता ऑगस्टमधला चिखल उपसून ‘खाडी मेली’ म्हणणं चुकीचं ठरेल.

खरा धोका हे ऋतुचक्र थांबवण्यात आहे. केरळात वेंबनाड सरोवरावर 1970च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे बंधारा झाला. कुट्टनाडच्या भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून त्याचे दरवाजे कोरड्या महिन्यांत बंद ठेवतात. तिथला काळा शिंपला जवळजवळ गोड्या पाण्यात जगू शकतो, पण त्याच्या प्रजननाला मात्र खारटपणा लागतो. दरवाजे बंद झाले, की वरच्या बाजूच्या शिंपल्यांना तो मिळत नाही. मोठे शिंपले दिसत राहतात, पण त्यांची जागा घेणारी पिलं कमी होतात, आणि हे लक्षात यायला काही वर्षं जातात.

तुमच्या खाडीवर उद्या खारबंधाऱ्याचा किंवा दरवाज्यांचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेत हे जरूर विचारा : दरवाजे वर्षातल्या कोणत्या महिन्यांत उघडे राहणार, आणि त्या महिन्यांत तिसऱ्यांची पिलं आत येत असतात का?