पावती हरवली तर तीनशे रुपये

आपल्या होस्टेलमध्ये पावती या वस्तूला फारशी किंमत नाही. मेसची, लाँड्रीची, झेरॉक्सची, सगळ्या पावत्या पँटच्या खिशात धुऊन निघतात. मीही त्यातलाच. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका चिटोऱ्यापायी मला करार कायदा वाचावा लागला. आपल्या अभ्यासक्रमात तो कुठेच नाही, म्हणून इथे लिहितोय.

झालं असं. मामेबहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. मामा, मामी आणि मी जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावाहून गाडी काढली आणि मंचरच्या बाजूला हायवेलगतच्या एका खरेदी संकुलात बस्ता बांधायला गेलो. आत शिरताना एका पोराने हातात पावती कोंबली. साड्या झाल्या, मानपानाचे टॉवेल-टोप्या झाल्या आणि दीड वाजता गेटवर आलो तर पावती गायब.

"काका, पावती नसंल तर तीनशे, आणि पार्किंगचे वीस वेगळे."

"आरं, इथंच व्हती की खिशात!"

मागे सात-आठ गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि आडवा दांडा काही उठत नव्हता. केबिनच्या काचेवर कागद चिकटवलेला होता : पहिले तीन तास रु. २०, पुढे तासाला रु. १०, पावती हरवल्यास दंड रु. ३००. आत येताना हा कागद दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण केबिन बाहेर जायच्या बाजूला. मामांनी पैसे काढले. टोमॅटोला भाव नसतो तेव्हा तीनशे रुपये उभे करायला नारायणगावच्या मार्केटला किती क्रेट उतरवावे लागतात, हे त्यांच्या तोंडाकडे पाहून कळत होतं.

मी तेव्हा एकच शहाणपणाचं काम केलं. तीनशेची वेगळी पावती मागितली. तो पोरगा आधी "अशी पावती नसते" म्हणाला. मग कटकट नको म्हणून एका कोऱ्या पावतीच्या पाठीमागे 'पावती हरवली दंड ३००' असं लिहून सही ठोकली. पुढे जे काही झालं ते या सहीमुळे. कागदाचा फोटोही काढून ठेवला.

आता अभ्यासाचा भाग. माझा एक मित्र लॉ करतो, त्याच्याकडे गेलो. माझा पहिला प्रश्न, "मुळात पार्किंगचे वीस रुपये तरी का द्यायचे?" तो म्हणाला, तिकडे जाऊ नकोस, तो वाद मोठा आहे. २०१९ साली गुजरात उच्च न्यायालयाने मॉल आणि मल्टिप्लेक्सना पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत असं म्हटलं होतं, आणि पुणे महापालिकेनेही त्याच वर्षी तशीच भूमिका घेतली होती. पण परराज्यातल्या उच्च न्यायालयाचा निकाल इकडे बंधनकारक नसतो आणि पुणे महापालिकेचा अधिकार तिच्या हद्दीपुरता. आंबेगाव तालुक्यात त्याचा उपयोग काय? तेव्हा वीस रुपये सोडले. भांडण तीनशेचं.

तीनशेसाठी उपयोगी पडतं ते भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम ७४. सोप्या भाषेत सांगायचं तर, करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असं आधी ठरलेलं असलं तरी समोरच्याला ती आपोआप मिळत नाही. मिळते ती 'वाजवी' भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हे आणखी स्पष्ट केलं : नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं. नुकसानच नसेल तर भरपाई कसली?

आणि इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला आलं. पावती हरवल्याने पार्किंगवाल्याचं नुकसान काय होतं? गाडी किती वाजता आली हे कळत नाही, एवढंच. मग जास्तीत जास्त किती वेळ ती आत असू शकेल ते काढू. नारायणगावच्या पंपावर डिझेल भरलं होतं, त्याचा यूपीआयचा मेसेज सकाळी १०.५२ चा. तिथून मंचरची बाजू पंधराएक किलोमीटर. मामांची गाडी विमान नाही, म्हणजे सव्वाअकराच्या आत आम्ही पोचणं शक्य नाही. साडीच्या बिलावर वेळ १२.४८. गेटवर दीड. फार तर सव्वादोन तास. दर वीस रुपये, ते दिलेले. नुकसान शून्य. हा हिशोब मी मामांना कागदावर काढून दाखवला. ते म्हणाले, "बरोबर हाये, पन तीनशेपायी तू तीन हजाराचं डिझेल जाळशील."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मथुरेच्या एका वकिलाकडून १९९९ मध्ये रेल्वेच्या खिडकीवर दोन तिकिटांमागे वीस रुपये जास्त घेतले गेले. ग्राहक मंचात ते जिंकले, पण २०२२ साली. बावीस वर्षं! माझी डिग्री तरी त्याच्या आत व्हावी.

या सगळ्यात इंग्लंडचा एक खटला वाचायला मिळाला, तो आपल्या बाजूचा नाही म्हणूनच सांगतो. चेम्सफर्ड गावातल्या एका खरेदी संकुलाच्या वाहनतळावर दोन तास पार्किंग फुकट होतं. बीव्हिस नावाचे गृहस्थ ५६ मिनिटं जास्त थांबले आणि पार्किंग कंपनीने त्यांना ८५ पौंड लावले. प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये बीव्हिस हरले. न्यायालयाचं म्हणणं असं, की जागा अडवून न ठेवता इतर गिऱ्हाइकांसाठी मोकळी होत राहावी यात कंपनीचा रास्त हेतू आहे, रक्कम अवाच्या सवा नाही, आणि फलक मोठे, ठळक, जागोजागी लावलेले होते. हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला. आमच्या गेटवरचा नियम आत येताना दिसतच नव्हता, आणि पावतीवर तो असलाच तर आमची पावती हरवलेली! शिवाय पावती हरवून आम्ही कोणाची जागाही अडवली नव्हती.

मग पत्र लिहिलं. वकिलाची नोटीस नाही, साधं पत्र, मामांच्या नावाने, कारण पैसे त्यांचे आणि गाडी त्यांची. मी पहिला मसुदा चार पानी केला होता, त्यात 'लूट', 'गुंडगिरी', सगळं होतं. मित्राने तीन पानं फाडली. उरलं ते एवढंच : तारीख, वेळ, गाडी क्रमांक, किती पैसे घेतले, हिशोबाच्या चार ओळी, कलम ७४ चा उल्लेख, आणि पंधरा दिवसांत रु. ३०० परत करा नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. सोबत बिल, यूपीआयचा मेसेज, फलकाचा फोटो आणि त्या सहीच्या पावतीची झेरॉक्स. मूळ कागद एकही पाठवायचा नाही. एक प्रत संकुलाच्या मालकाला, एक पार्किंगच्या ठेकेदाराला, कारण दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. दोन्ही स्पीड पोस्टाने.

आयोगाची धमकी पोकळ नव्हती, हेही सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. आम्हाला दोन्हीकडून पुणेच, पण समजा नाशिकच्या मॉलमध्ये कोणी पैसे उकळले तरी जुन्नरकराला पुण्यात दाद मागता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. एक बारकावा मात्र ध्यानात असू द्या : 'अख्खा करारच अन्यायकारक आहे' अशी तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगात जाते. म्हणून पत्रात आम्ही तो शब्द टाळून फक्त जादा घेतलेल्या पैशांवर बोट ठेवलं.

जाता जाता आणखी एक. 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' हा शिक्का सगळीकडे असतो. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात किल्ली ताब्यात दिलेली मारुती झेन १९९८ मध्ये चोरीला गेली, तेव्हा पावतीवर असाच मजकूर होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की हॉटेलच्या निष्काळजीपणाला त्या छापील ओळीने पांघरूण घालता येत नाही. पण किल्ली आपल्याच खिशात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आपण नुसती जागा वापरतो. दोन्ही प्रकारांची गल्लत करू नये.

असो. बाराव्या दिवशी संकुलाच्या मॅनेजरचा मामांना फोन आला. "तीनशेचं कूपन देतो, खरेदी करा." मामांचा आवाज आतापर्यंत चांगलाच चढला होता. "कूपन मामीला द्या, मला रोख पायजे." संध्याकाळी पैसे जमा झाले. ठेकेदाराकडून मात्र आजतागायत उत्तर नाही. दोन स्पीड पोस्टांचा आणि झेरॉक्सचा खर्च आम्ही मागितला नव्हता. मागायला हवा होता, चूक माझी.

गेल्या महिन्यात मामा पुन्हा तिकडे गेले होते. कागद आता आत शिरायच्या गेटवर लावलाय, तीनशेच्या जागी शंभर लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात 'आर.सी. दाखवल्यास माफ'. मामांनी फोटो काढून पाठवला. या वेळी पावती त्यांनी टोपीच्या आत ठेवली होती.