पाय कुठून कापायचा?

“डॉक्टर, काळा तर फक्त अंगठा पडलाय, मग पाय गुडघ्याखालून का कापायचा?” मधुमेही किंवा वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक मला हा प्रश्न नेहमी विचारतात.

काळा अंगठा दिसतो, पण मूळ दोष वरच्या रक्तवाहिन्यांत असतो. त्या बुजल्या की पायाला रक्त कमी पडते. अशा वेळी नुसता अंगठा काढला तर टाके भरून येण्यापुरतेही रक्त तेथे पोचत नाही. जखम चिघळते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून जखम भरून येण्याची चांगली आशा असलेली सर्वांत खालची जागा सर्जन शोधतात.

त्यासाठी जांघेतील, गुडघ्यामागील व घोट्याजवळील नाडी तपासतात. कातडी कोठपर्यंत उबदार आहे, ते पाहतात. घोट्याजवळचा रक्तदाब दंडातल्या दाबाशी ताडतात. निरोगी माणसात हे प्रमाण ०.९ च्या वर असते. मधुमेहात वाहिन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा येऊ शकतो. तेव्हा पायाच्या बोटातला दाब मोजतात. कलर डॉप्लर किंवा अँजिओग्राफी करून फुग्याने वाहिनी उघडणे अथवा बायपास शक्य आहे का, हेही पाहतात. रक्त खाली पोचले तर कधी कधी बोटावरच निभावते.

याउलट, “एकदाच वरून कापा, पुन्हा कटकट नको,” म्हणणारेही भेटतात. त्यांनी गुडघ्याची किंमत जाणून घ्यावी. गुडघा राहिला तर कृत्रिम पायाने चालताना साधारण २५ ते ४० टक्के जादा शक्ती लागते. मांडीतून पाय गेला तर ६० टक्क्यांहूनही अधिक. हृदय कमजोर असलेल्या वृद्धासाठी स्वतः उठून संडासला जाणे आणि अंथरुणाला खिळणे, एवढा हा फरक आहे.

मात्र पोटरीलाही रक्त नसेल, गुडघा कायमचा आखडला असेल किंवा रुग्ण आधीच अंथरुणावर असेल, तर मांडीतून कापणेच हिताचे ठरते. पू आणि ताप असेल तर चर्चेत दिवस घालवू नका. जिवाला धोका असतो.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी सर्जनना विचारा : रक्तपुरवठा वाढवता येईल का? गुडघा वाचेल का? शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याखाली उशी ठेवू नका. गुडघा वाकडाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाही. तंबाखू कायमची सोडा आणि उरलेला पाय रोज उजेडात नीट तपासा.