रिव्हॉल्व्हर घेऊन हरणामागे

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो. बहुतेकांच्या खांद्याला रायफल असते, माझ्या कमरेला रिव्हॉल्व्हर. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ही शिकार गुन्हा आहे, आणि ते योग्यच. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं बक्कळ आहेत, रीतसर परवाना मिळतो. हौस लागलेले मराठी मित्र विचारत राहतात, त्यांच्यासाठी हे.

१. आपली हद्द रानात नव्हे, रेंजवर ठरते. कागदी ताटलीवर सहाच्या सहा गोळ्या जिथून बसतील, तेवढंच आपलं अंतर. बुंध्याला पाठ, कोपरं गुडघ्यांवर, असं बसलो तर माझं पन्नास यार्ड. उभं राहून मारायचं तर जेमतेम निम्मं. साठ यार्डांवरचा देखणा नर निवांत चरत असतो आणि आपण नुसतं बघायचं. हे ज्याला जमणार नाही, त्याने रायफलच घ्यावी.

२. .४४ मॅग्नम पुरते. एल्मर कीथ या शिकारी लेखकाने पिच्छा पुरवला म्हणून पन्नासच्या दशकात हे काडतूस आलं. गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम. वेग मात्र रायफलीच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून खांद्यामागे, फुप्फुसांवरच नेम. समोरून किंवा पाठमोरं हरीण सोडून द्यावं.

३. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून जळता वायू बाहेर फेकला जातो. रायफलीच्या सवयीने डावा हात पुढे नेलात, तर बोटं जातील.

४. कानाला संरक्षण हवंच.

५. धक्क्याच्या भीतीने हात आधीच दचकतो. सरावाला मित्राकरवी सिलिंडरात मधूनच एखादं रिकामं काडतूस भरून घ्यावं. ते आलं की नुसतं ‘टक्’ होतं आणि नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते! चाप ओढण्यापूर्वी हॅमर अंगठ्याने मागे घ्यावा. मग चाप हलका लागतो, नेम हलत नाही.

६. गोळी लागली की धावत सुटू नका. हरीण उभं होतं ती जागा आधी डोळ्यांत पक्की करा. पाचोळ्यावर फेसाळ, गुलाबीसर रक्त असेल तर फुप्फुस. अर्ध्या तासाने माग काढा, बहुधा जवळच सापडेल. गडद, काळपट असेल तर यकृत; तीन-चार तास थांबा. हिरवट घाण आणि उग्र वास असेल तर गोळी पोटात गेली आहे. त्याहूनही जास्त थांबावं लागतं. उठवलेलं जखमी हरीण मैलभर जातं आणि हाती लागत नाही.

७. डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी रंग अंगावर हवा, असा नियम आहे. हरणाला तो आपल्यासारखा दिसत नाही, शेजारच्या शिकाऱ्याला दिसतो.

८. मांसात चरबी नसतेच. खिमा करताना तेलाचा हात सैल सोडा, काळा मसाला चांगला लागतो. आमच्याकडे पाहुणे मटण समजून खातात; आम्ही जेवण झाल्यावर सांगतो.