वजा चिन्हाचा अर्थ

एक विद्युतघट आणि एक रोधक असलेल्या परिपथातील प्रवाह ओहमच्या नियमाने तत्काळ काढता येतो. दोन घट व तीन रोधक एकत्र आले, की तो नियम एकटा पुरेसा पडत नाही. कारण मधल्या तारेतून प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो, हेच आधी ठाऊक नसते.

ही अडचण १८४५ मध्ये गुस्टाव किरखोफ यांनी दूर केली. त्या वेळी ते प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे शिकत होते. त्यांचे दोन नियम असे: संधीबिंदूपाशी जितका प्रवाह येतो, तितकाच तेथून बाहेर पडतो, आणि बंद पाशाची पूर्ण फेरी केल्यास विभवातील सर्व चढउतारांची बेरीज शून्य होते. गड चढून उतरलेला माणूस अखेर पायथ्याशीच येतो, तसेच हे आहे. प्रत्येक पाशात एक प्रवाह कल्पून गणित सोपे करण्याची युक्ती मात्र पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी दिली.

एका चौकोनी परिपथाच्या मध्यभागी उभी तार आहे, असे समजा. डाव्या बाजूस १२ व्होल्टचा आणि उजव्या बाजूस ९ व्होल्टचा घट असून दोन्हींची धन अग्रे वर आहेत. वरच्या तारेत, मधल्या तारेच्या दोन्ही अंगांना ३-३ ओहमचे रोधक आहेत. मधल्या तारेत २ ओहमचा. डाव्या पाशातील प्रवाह ‘क’ व उजव्या पाशातील ‘ख’ मानून दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाहतात, असे गृहीत धरू. मधल्या रोधकातून खाली जाणारा प्रवाह मग ‘क − ख’ होतो.

डावा पाश: ३क + २(क − ख) = १२, म्हणजेच ५क − २ख = १२
उजवा पाश: ३ख + २(ख − क) = −९, म्हणजेच ५ख − २क = −९

ही समीकरणे सोडवल्यास क = २ अँपिअर व ख = −१ अँपिअर मिळतात.

येथे अनेक विद्यार्थी थबकतात. ‘वजा प्रवाह कसा असेल?’ असे म्हणून कोणी चिन्हच पुसून टाकतो. वस्तुतः उत्तरात काहीही चुकलेले नाही. गृहीत धरलेली दिशा उलटी होती, एवढेच ते चिन्ह सांगते. उजव्या घटाचा प्रवाह त्याच्या धन अग्रातून वर जाऊन मधल्या तारेकडेच येतो.

चिन्ह पुसणाऱ्यास मधला प्रवाह २ − १ = १ अँपिअर वाटेल. तेथे २ वॅट उष्णता निर्माण होईल, असा हिशोब करून तो ५ वॅट क्षमतेचा रोधक निश्चिंतपणे बसवील. प्रत्यक्षात प्रवाह २ − (−१) = ३ अँपिअर आहे आणि उष्णता १८ वॅट. तो रोधक जळून जाईल.

चूक वेळीच पकडता येते. मधला प्रवाह १ अँपिअर मानून डाव्या पाशाची फेरी केली, तर १२ − ६ − २ = ४ व्होल्ट शिल्लक राहतात; ३ अँपिअर घेतल्यास १२ − ६ − ६ = ०. ऊर्जेचा ताळाही जुळतो. दोन घट मिळून २४ + ९ = ३३ वॅट देतात आणि तिन्ही रोधकांत १२ + १८ + ३ = ३३ वॅटच खर्च होतात.