डब्याचा स्टोव्ह आणि मापाचे झाकण



हिवाळी शिबिर जवळ आले की नववी-दहावीची मुले माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहतात. "सर, कोल्ड्रिंकच्या डब्याचा स्पिरिट-स्टोव्ह करू या ना!" मागणी चांगली आहे. दोन रिकामे डबे, एक टाचणी, कात्री आणि अर्धा तास एवढ्यात हा स्टोव्ह होतो आणि पेटतोही. पण अर्धा लिटर पाणी किती स्पिरिटमध्ये उकळले ते सांगता आले, तरच मी म्हणेन की स्टोव्ह झाला. कारण या स्टोव्हला चावी नाही, पंप नाही. जेवढे स्पिरिट ओतले तेवढे जळणार. म्हणून या लेखात कात्रीपेक्षा मापाबद्दल जास्त लिहिले आहे.

घरी आजीला विचारा, पंपाचा पितळी स्टोव्ह ती कशी पेटवायची. स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरच्या गळ्याशी लावायचा, नळी तापू द्यायची आणि मग पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि जळते ती वाफ. घाई करून आधीच पंप मारला की भडका उडायचा आणि भांडी काळी व्हायची. आपल्या डब्याचे तत्त्व हेच आहे. फरक एवढाच, की स्पिरिटमधले इथाइल अल्कोहोल साधारण ७८ अंशांनाच उकळते, त्यामुळे स्टोव्हची स्वतःची ज्योतच वाफ करायला पुरते.

रचना अशी. दोन डब्यांचे तळ साधारण ४ सेंमी उंचीवर कापून घ्यावेत. एक तळ खाली वाटीसारखा राहील. दुसरा त्यावर पालथा बसेल. त्याच्या मधली खोलगट चकती कापून काढावी आणि कडेने टाचणीने १६ ते २४ बारीक छिद्रे पाडावीत. डब्याच्या अंगाच्या पत्र्याची एक पट्टी घेऊन तिचे कडे करावे, त्याच्या खालच्या काठाला तीन-चार खाचा द्याव्यात आणि ते दोन्ही तळांच्या मध्ये उभे करावे. म्हणजे दुहेरी भिंत झाली. दोन्ही भाग सारख्याच मापाचे असल्याने एकमेकांत जात नाहीत. त्यासाठी खालच्या भागात एक न उघडलेला, भरलेला डबा हलकेच दाबावा. पत्रा किंचित सैल होतो. कापलेला काठ ब्लेडसारखा असतो, तेव्हा जाड हातमोजे घालावेत आणि काठ पॉलिशपेपरने घासावा.

स्पिरिट मधल्या खड्ड्यात ओतायचे. खाचांतून ते दोन भिंतींच्या मध्ये शिरते. पेटवल्यावर प्रथम मधेच एक आळशी ज्योत दिसते. भिंत तापली, आतली वाफ दाबाखाली आली, की कडेच्या छिद्रांतून निळ्या ज्योतींचे कडे उमलते. स्वीडनमधील ट्रांगिया ही १९२५ साली सुरू झालेली कंपनी १९५१ पासून गिर्यारोहकांसाठी जो स्पिरिटचा संच विकते, त्यातला पितळी बर्नरही असाच दुहेरी भिंतीचा आहे. त्याला ज्योत लहान करण्याची एक झाकणी असते, ती आपल्या डब्याला नाही.

द्रवाची वाफ होताना जी उष्णता लागते तिला मराठीत अप्रकट उष्मा म्हणतात. आम्ही हिंदीतून शिकलो, आमच्या पुस्तकात 'गुप्त ऊष्मा' होते. मला तोच शब्द अजून जवळचा वाटतो, कारण थर्मामीटरला ती कळतच नाही. थंडीत मात्र ती चांगलीच जाणवते. स्पिरिटवर पेट घेण्याइतकी वाफ जमायला ते साधारण १३ ते १७ अंशांपर्यंत तरी तापलेले असावे लागते. इंदूरला डिसेंबरच्या रात्री पारा १० च्या खाली जातो. मग पहाटे काडीमागून काडी विझते आणि मुले स्टोव्हला दोष देतात. स्पिरिटची भरलेली लहान बाटली थोडा वेळ खिशात ठेवली की काम होते. ऊब अंगाचीच हवी. उन्हात किंवा शेकोटीजवळ बाटली ठेवायची नाही.

आता हिशेब. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, म्हणून पाणी आपल्याकडे ९८ अंशांच्या आसपास उकळते. अर्धा लिटर पाणी २० अंशांवरून तिथपर्यंत न्यायला ०.५ × ४.१८६ × ७८, म्हणजे सुमारे १६३ किलोज्यूल उष्णता लागते. ३० मिली शुद्ध अल्कोहोलचे वजन सुमारे २४ ग्रॅम. ग्रॅमला २७ किलोज्यूल धरले तर ते जवळजवळ ६४० किलोज्यूल देते. म्हणजे ३० मिली जाळून अर्धा लिटर पाणी उकळले, तर तीन चतुर्थांश उष्णता वाऱ्यावर गेली. तेच काम २० मिलीत झाले तर कार्यक्षमता ३८ टक्क्यांवर येते. बाजारच्या स्पिरिटमध्ये पाणीही असते, पण सगळ्या गटांना एकाच बाटलीतले दिले की तुलना बिघडत नाही.

सुधारणा म्हटली की मुले आधी छिद्रे वाढवू लागतात. खरा फायदा बहुतेक वेळा डब्याच्या बाहेर असतो. पातेल्यावर झाकण आहे का? पातेले पसरट आहे का, की ज्योती कडेने वर चाटत जातात? वाऱ्याला आडोसा आहे का? जाड फॉइलचा आडोसा पातेल्याभोवती बोटभर जागा सोडून लावावा आणि खाली हवेसाठी भोके ठेवावीत. सगळीकडून बंद केला तर डबा फार तापतो आणि ज्योत अंगावर येते. पातेले ज्योतीला अगदी टेकले तर ज्योत पिवळी पडते, उग्र वास येतो. फार उंच ठेवले तर उष्णता वाटेतच जाते. २, ३, ४ आणि ५ सेंमी उंचीवर ठेवून पाहा. दर वेळी एकच गोष्ट बदला, डबा पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पुढचा प्रयोग करा.

आता माझीच चूक सांगतो. तरुणपणी एका शिबिरात मी भर दुपारी मुलांना हा स्टोव्ह दाखवत होतो. तो विझला असे वाटले, म्हणून बाटलीतूनच आणखी स्पिरिट ओतले. तो विझलेला नव्हता. अल्कोहोलची फिकट निळी ज्योत उन्हात दिसतच नाही. ज्योत धारेवरून चढली, बाटलीच्या तोंडाशी पेट घेतला आणि मी बाटली फेकली. मनगटावरचे केस जळाले, सतरंजीला मोठे भोक पडले. समोर अर्धवर्तुळात मुले बसली होती. बाटली मी ज्या बाजूला फेकली तिथे कोणी नव्हते, हा निव्वळ योगायोग होता. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत रेनो शहरातील एका संग्रहालयात आणि डेन्व्हरच्या एका शाळेत मोठ्या बाटलीतून मिथेनॉल ओतताना असेच झाले आणि मुले भाजली.

तेव्हापासून माझ्या शिबिरात स्पिरिटची मोठी बाटली स्टोव्हपासून वीस पावलांवर शिक्षकांकडे राहते. गटाला मिळते ते सिरपच्या मापाच्या झाकणाने मोजून दिलेले १५ किंवा २० मिली. ते संपले की डबा दहा मिनिटे तसाच राहू द्यायचा, मग लांब चिमट्यात कागदाची कोरडी पट्टी धरून ज्योत उरली आहे का ते पाहायचे. पेटता स्टोव्ह विझवायला शेजारी एक मोठे पातेले पालथे घालायला तयार ठेवायचे. स्पिरिट पाण्यात मिसळते, त्यामुळे बादलीभर पाणीही कामाला येते. रॉकेलच्या आगीवर मात्र पाणी ओतायचे नाही, रॉकेल तरंगून आग पसरवते. तंबूत किंवा बंद खोलीत हा स्टोव्ह पेटवायचा नाही.

स्पिरिट मोठ्यांनीच आणायचे आणि पाण्याच्या बाटलीत कधीही भरायचे नाही. पॉलिशसाठी मिळणाऱ्या डीनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथाइल अल्कोहोल असू शकते. त्याचे थोडे घोटही डोळे घालवतात, जीवही घेतात. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या शेजारी उज्जैनला अशाच स्पिरिटची दारू पिऊन दहाहून अधिक माणसे गेली. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलेली चिठ्ठी हवी.

एक गोष्ट आधीच सांगतो. चाळीस जणांची खिचडी यावर होणार नाही. वजनाला वजन धरले तर स्पिरिटची उष्णता रॉकेलच्या जेमतेम साठ टक्के. दोघांचा चहा, एखाद्या आजाऱ्यासाठी पेज, एवढेच त्याचे काम. खिचडी नेहमीप्रमाणे गॅसवरच होईल.

शिबिराआधीच्या शनिवारी प्रयोगशाळेमागच्या ओट्यावर गटवार चाचणी घेऊ. प्रत्येक गटाने झाकणाचे पसरट पातेले, थर्मामीटर, फूटपट्टी आणि वही आणावी. वहीत स्पिरिट किती, पाणी किती, सुरुवातीचे तापमान, उकळी यायला लागलेली मिनिटे आणि पातेल्याची उंची असे रकाने आखून ठेवावेत. सिरपची झाकणे मी गोळा करून ठेवली आहेत. सुती कपडे घालावेत, नायलॉनची ओढणी किंवा जॅकेट नको आणि केस बांधलेले असावेत.